वाचकांचे प्रश्न : मेमरीचे पान आणि फाइलींची कॅश

या वेळी एकाच धाग्यातले आठ प्रश्न एकत्र घेतले आहेत. आज्ञा, सेटिंग आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत टंकावीत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ८ जीबी मेमरीची लिनक्स यंत्रे आहेत. 'फ्री -एच' दिले की रिकामी मेमरी जेमतेम २०० एमबी दिसते. म्हणून दर तासाला कॅश रिकामी करणारी एक ओळ क्रॉनमध्ये टाकली. आता रिकामी मेमरी भरपूर दिसते, पण मुले म्हणतात यंत्रे आधीपेक्षा हळू झाली. असे का? (नाशिक)

उत्तर : मुलांचे बरोबर आहे. ती ओळ आजच काढून टाका.

'फ्री' या रकान्यात दिसते ती कोणाच्याच कामी न येणारी मेमरी. डिस्कवरून वाचलेला फाइलीचा प्रत्येक तुकडा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत ठेवून देतो, म्हणजे तो पुन्हा लागला तर डिस्कपर्यंत जावे लागत नाही. हीच पेज कॅश. एखाद्या प्रोग्रामला मेमरी हवी झाली, की या कॅशमधली न बदललेली पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) कर्नल लगेच सोडून देतो, कारण त्यांची प्रत डिस्कवर असतेच. म्हणून बघायचा तो शेवटचा 'अव्हेलेबल' हा रकाना. स्वॅपला, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेला, हात न लावता नव्या प्रोग्रामला किती मेमरी देता येईल, याचा तो कर्नलचा अंदाज असतो. २०१४ च्या ३.१४ या कर्नलपासून हा आकडा '/प्रॉक/मेमइन्फो' मध्ये मिळतो.

तुमची क्रॉनची ओळ 'ड्रॉप_कॅशेस' या फाइलीत ३ लिहिते. १ लिहिले तर फाइलींची पाने जातात, २ लिहिले तर फोल्डर आणि फाइलींच्या नावांच्या नोंदी जातात, ३ लिहिले तर दोन्ही. त्यानंतर जो विद्यार्थी ब्राउझर उघडतो, त्याच्यासाठी कर्नलला ब्राउझरच्या लायब्ररी डिस्कवरून नव्याने वाचाव्या लागतात. हे पडताळून पाहता येते. १ जीबीची एखादी फाइल घ्या, कॅश रिकामी करा आणि 'टाइम कॅट' ने ती फाइल '/डेव्ह/नल' कडे पाठवा. सेकंदाला १२० एमबी देणाऱ्या साध्या हार्डडिस्कवर आठ-नऊ सेकंद लागतील. लगेच तीच आज्ञा पुन्हा द्या, अर्ध्या सेकंदाच्या आत संपेल. या दोन वेळांमधला फरक तुम्ही दर तासाला फेकून देत होता. 'ड्रॉप_कॅशेस' चा खरा उपयोग अशा मोजमापासाठीच आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. 'बफ/कॅश' मधले सगळेच सोडता येते असे नाही. 'शेअर्ड' रकान्यातली मेमरी, म्हणजे केवळ मेमरीत राहणाऱ्या टीएमपीएफएस आणि '/डेव्ह/एसएचएम' मधल्या फाइली, यांची डिस्कवर प्रत नसते. त्यांना स्वॅपशिवाय दुसरी जागा नाही. मेमरीची खरी टंचाई ओळखायची तर 'व्हीएमस्टॅट १' लावून 'एसआय' (स्वॅपमधून आत) आणि 'एसओ' (स्वॅपकडे बाहेर) हे रकाने पाहा. ते सतत शून्याच्या वर राहत असतील आणि 'अव्हेलेबल' तळाला असेल, तर मेमरी वाढवायचा विचार करा.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ ग्राहकाला पेनड्राइव्हवर देतो. उबंटूवर साडेतीन जीबीची फाइल कॉपी करताना पट्टी झपकन शंभर टक्क्यांजवळ जाते, मग 'इजेक्ट' दाबले की मिनिटेच्या मिनिटे काही हलत नाही. एकदा घाईत काढला तर ग्राहकाकडे फाइल अर्धवट निघाली. विंडोजवर असे होत नाही. दोष पेनड्राइव्हचा की लिनक्सचा? (कोल्हापूर)

उत्तर : दोष दोघांचाही नाही. पट्टी दाखवत होती ती पेज कॅशमध्ये झालेली कॉपी. पेनड्राइव्हवरची कॉपी अजून चालू होती.

प्रोग्राम 'राइट' म्हणतो तेव्हा कर्नल मजकूर मेमरीतल्या पानांत उतरवून घेतो, त्या पानांवर 'डर्टी' अशी खूण करतो आणि प्रोग्रामला 'झाले' असे सांगतो. डिस्कवर लिहिण्याचे काम मागाहून होते. कधी, ते मूळ सेटिंगनुसार असे ठरते : कर्नलचा लिहिणारा धागा दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पाने डिस्ककडे पाठवतो, डर्टी पाने उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली तर वयाची वाट न पाहता लिहायला घेतो, आणि २० टक्के ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात या दोन आकड्यांच्या मध्यापासूनच लिहिणाऱ्या प्रोग्रामला आवर घातला जातो. हे टक्के एकूण मेमरीचे नसतात. रिकामी आणि सोडता येण्याजोगी मेमरी मिळून जी होते, तिचे असतात.

तुमच्या यंत्रात १६ जीबी मेमरी असून १२ जीबी उपलब्ध आहे असे धरू. २० टक्के म्हणजे २.४ जीबी. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहीत असेल, तर एवढे उतरायला २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटे. तुमची 'मिनिटेच्या मिनिटे' हीच.

डोळ्यांनी पाहायचे असेल तर कॉपी चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'वॉच -एन१' लावून '/प्रॉक/मेमइन्फो' मधल्या 'डर्टी' आणि 'राइटबॅक' या दोन ओळी पाहत राहा. डर्टीचा आकडा आधी भराभर चढतो, पट्टी संपल्यावर हळूहळू उतरू लागतो. तो काही केबींवर आला की पेनड्राइव्हवरचे लिखाण संपत आले. तरी 'सिंक' ही आज्ञा देऊन ती परत येईपर्यंत थांबा, मग इजेक्ट करा.

पट्टीने खरी प्रगती दाखवावी असे वाटत असेल तर '/इटीसी/सिसकंट्रोल.डी' मध्ये एक फाइल करून दोन ओळी लिहा : 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = १६७७७२१६' आणि 'व्हीएम.डर्टी_बाइट्स = ५०३३१६४८', म्हणजे १६ एमबी आणि ४८ एमबी. नंतर 'सिसकंट्रोल --सिस्टम' चालवा. बाइट्सचे आकडे दिले की टक्क्यांचे आकडे आपोआप शून्य होतात, त्याने गोंधळू नका. हा बदल मात्र साऱ्या यंत्राला लागू होतो. आतल्या एसएसडीवर व्हिडिओ रेंडर करताना प्रोग्रामला पूर्वीपेक्षा लवकर थांबावे लागेल. तुमचा बहुतेक वेळ रेंडरिंगमध्ये जात असेल तर हा बदल करू नका, 'सिंक'चीच सवय लावा.

विंडोजवर असे दिसत नाही, कारण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून काढता येणाऱ्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हेच धोरण मुळात लावलेले असते. तिथे लिखाण कॅशमध्ये साठवून ठेवत नाहीत, म्हणून पट्टी सावकाश सरकते.

प्रश्न : पतसंस्थेसाठी पावत्यांचा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला आहे. दिवसाची नोंद एका फाइलीत साठवतो. वीज गेल्यावर दोनदा ती फाइल शून्य बाइटची झालेली आढळली. फाइल लिहून झाल्यावर मी 'फ्लश' आणि 'क्लोज' दोन्ही करतो. (सांगली जिल्हा)

उत्तर : मजकूर दोन ठिकाणी अडकतो आणि तुम्ही त्यातले एकच रिकामे करता. 'फ्लश' पायथॉनचा स्वतःचा बफर कर्नलच्या हवाली करतो. तिथून पुढे तो पेज कॅशमध्ये डर्टी होऊन वाट पाहतो, वर सांगितले तसा. 'क्लोज'नेही ते लिखाण डिस्कवर जात नाही. त्यासाठी 'ओएस.एफसिंक' लागते.

शून्य बाइटचे कारण आणखी थोडे वेगळे आहे. तुम्ही जुनीच फाइल लिहिण्यासाठी उघडता तेव्हा ती उघडताक्षणी रिकामी होते. ती रिकामी झाल्याची नोंद डिस्कवर पोहोचली आणि नवा मजकूर पोहोचण्याआधी वीज गेली, तर जुने गेले आणि नवे आलेच नाही. पावत्यांसारख्या नोंदींसाठी क्रम असा ठेवा. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने तात्पुरती फाइल करा, तिच्यात लिहा, 'फ्लश', मग 'एफसिंक', मग 'क्लोज'. त्यानंतर 'ओएस.रिप्लेस' ने तिला मूळ नाव द्या. शेवटी फोल्डर उघडून त्याच्यावरही 'एफसिंक' करा, कारण नावाचा बदल ही फोल्डरमधली नोंद आहे. तात्पुरती फाइल '/टीएमपी' मध्ये करू नका. ते दुसरे फाइलसिस्टम असू शकते, आणि नाव एका झटक्यात बदलण्याची हमी एकाच फाइलसिस्टमच्या आत असते. या क्रमात वीज कधीही गेली तरी संपूर्ण जुनी किंवा संपूर्ण नवी फाइल हाती लागते.

आणि 'एफसिंक'ने चूक परत केली तर तेच पुन्हा करून पाहू नका. लिखाण फसल्यावर बऱ्याच लिनक्स फाइलसिस्टमांत त्या पानांवरची डर्टी खूण पुसली जाते. दुसऱ्यांदा 'एफसिंक' केले की कर्नलला लिहिण्यासारखे काही दिसत नाही आणि तो 'यशस्वी' म्हणतो; मजकूर मात्र डिस्कवर नसतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या हे ध्यानात आले. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारित आवृत्त्यांपासून 'एफसिंक' फसले की पोस्टग्रेस मुद्दाम बंद पडतो आणि आपल्या लॉगवरून डेटा पुन्हा उभा करतो. तुमच्या प्रोग्रामने निदान चूक पडद्यावर दाखवून काम थांबवावे आणि मूळ नोंदींवरून फाइल नव्याने लिहावी.

प्रश्न : अभ्यासक्रमात पानाचा आकार ४ केबी असे दिले आहे. ४ च का? मेमरी इतकी वाढली, तर पान मोठे का नाही केले? (पुणे, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

उत्तर : हा आकडा कर्नल मनाने ठरवत नाही, प्रोसेसर ठरवतो. १९७७ च्या व्हॅक्स यंत्रांवर पान ५१२ बाइटचे होते. इंटेलच्या ८०३८६ ने १९८५ मध्ये ४०९६ बाइटचे पान आणले आणि तोच आकार त्या कुळात आजपर्यंत चालत आला. ४ एमबी मेमरीत अशी १०२४ पाने मावतात; १६ जीबीमध्ये ४१,९४,३०४.

एवढ्या पानांचा हिशेब ठेवायलाही मेमरी लागते. ६४-बिट लिनक्स दर पानामागे सर्वसाधारणपणे ६४ बाइटची नोंद ठेवतो. १६ जीबीसाठी ती २५६ एमबी होते. पान १६ केबीचे केले तर ६४ एमबी. दुसरा खर्च टीएलबीचा. प्रोग्राम वापरतो तो आभासी पत्ता मेमरीत नेमका कुठे आहे, याची ताजी उत्तरे प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या तक्त्यात ठेवतो. तिथे ६४ नोंदी असतील तर ४ केबीच्या पानांनी २५६ केबी मेमरी झाकली जाते, १६ केबीच्या पानांनी १ एमबी. तक्त्यात उत्तर नसले की मेमरीतल्या पत्त्यांच्या पूर्ण तक्त्याच्या, म्हणजे पेज टेबलाच्या, चार पायऱ्या उतराव्या लागतात. या पायऱ्यांचे गणित एकदा कागदावर करून पाहा. टेबलातली नोंद ८ बाइटची, म्हणून ४ केबीच्या पानात ५१२ नोंदी, म्हणजे ९ बिट. चार पायऱ्यांचे ३६ आणि पानाच्या आतल्या जागेचे १२, मिळून ४८ बिटांचा पत्ता.

मग सरळ ६४ केबी का नको? कारण पेज कॅशमध्ये फाइलीला निदान एक आख्खे पान लागते. २ केबीच्या एक लाख फाइली वाचल्या असे समजा. ४ केबीच्या पानांवर त्या सुमारे ३९० एमबी अडवतात, १६ केबीवर दीड जीबी आणि ६४ केबीवर सहा जीबीच्या वर. मजकूर तिन्ही वेळी तेवढाच, २०० एमबीच्या आत. एआरएमचे प्रोसेसर ४, १६ आणि ६४ केबी अशी तिन्ही पाने चालवू शकतात. रेड हॅटने एआरएम सर्व्हरसाठी आधी ६४ केबी निवडले होते. आवृत्ती ९ पासून मूळ कर्नल ४ केबीचा आणि ६४ केबीचा वेगळा मागून घ्यायचा, असे केले. मला हा निर्णय योग्य वाटतो. मोठ्या पानाचा फायदा ठरावीक कामांना होतो, छोट्या फाइलींचा तोटा मात्र जवळपास प्रत्येक सर्व्हरला सोसावा लागतो.

लिनक्सने मधला मार्गही काढला आहे. जानेवारी २०२२ च्या ५.१६ कर्नलमध्ये 'फोलिओ' आले. लागून असलेली काही पाने एक गठ्ठा समजून कॅशमध्ये ठेवायची, त्यांचा हिशेबही एकत्र ठेवायचा. मोठ्या फाइलीला मोठा गठ्ठा, छोट्या फाइलीला एकच पान. एक्सएफएस या फाइलसिस्टमने ५.१८ पासून मोठे फोलिओ वापरायला घेतले. प्रोसेसरचे पान ४ केबीच राहते आणि हिशेबाचा भार तेवढा उतरतो.

प्रश्न : शेतमालाच्या भावांचे आमचे अँड्रॉइड ॲप आहे. ते १६ केबी पानांसाठी तयार नाही, असा इशारा प्ले कन्सोल देतो. ॲप तर कोटलिनमध्ये आहे, मेमरीच्या पानांशी आम्ही काही करतच नाही. (अहिल्यानगर)

उत्तर : तुम्ही करत नसाल, तुम्ही जोडलेली एखादी लायब्ररी करत असणार. एपीके (ॲपची बांधलेली फाइल) उघडून 'लिब/एआरएम६४-व्ही८ए' फोल्डर पाहा. तिथे 'डॉट एसओ' फाइली दिसल्या तर इशारा त्यांच्यासाठी आहे. नकाशे, बारकोड, डेटाबेस कूटबद्ध करणे अशा लायब्ररींमधून त्या येतात. अँड्रॉइड १५ किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या ॲपना आणि जुन्यांच्या नव्या आवृत्त्यांना गूगलने १ नोव्हेंबर २०२५ पासून ६४-बिट फोनवर १६ केबीची अट लावली आहे.

कारण असे. 'डॉट एसओ' फाइलीचे भाग असतात : एक सूचनांचा, तो वाचता आणि चालवता येतो पण बदलता येत नाही, एक डेटाचा, तो बदलता येतो. हे अधिकार पानागणिक दिले जातात. लायब्ररी ४ केबीच्या हिशेबाने जोडली असेल तर सूचनांचा भाग जिथे संपतो त्याच्या पुढच्याच ४ केबीला डेटा सुरू होऊ शकतो. १६ केबीच्या यंत्रावर ते दोन्ही एकाच पानात येतात आणि एका पानाला दोन वेगळे अधिकार देता येत नाहीत. म्हणून लोडर ती फाइल उघडायलाच नकार देतो आणि ॲप सुरू होताच बंद पडते.

तपासायला एनडीके या अँड्रॉइडसाठी सी कोड बांधायच्या संचामधले 'एलएलव्हीएम-ऑब्जडम्प -पी' प्रत्येक 'डॉट एसओ' वर चालवा आणि 'लोड' च्या ओळी पाहा. शेवटी '२**१२' असेल तर ती ४ केबीची, नापास. '२**१४' किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर पास. मोठ्या आकड्याची लायब्ररी छोट्या पानांवरही चालते, म्हणून जुन्या फोनसाठी वेगळे बांधावे लागत नाही. लायब्ररी दुसऱ्याची असेल तर नवी आवृत्ती घेण्यावाचून इलाज नाही. स्वतःचा सी कोड असेल तर एनडीकेची आर२८ आवृत्ती हे आपोआप करते; जुन्या आवृत्तीत लिंकरला 'मॅक्स-पेज-साइझ=१६३८४' सांगावे लागते. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.५.१ किंवा पुढचे घ्या, म्हणजे एपीकेच्या आत फाइलींची मांडणीही १६ केबीवर होते. शेवटी 'झिपअलाइन -सी -पी १६ -व्ही ४' ने एपीके तपासा.

एवढ्याने बांधणी पास होते, पण कोडच्या आत कोणी ४०९६ हा आकडा थेट लिहिला असेल तर तो तसाच राहतो. फाइल थेट मेमरीत जोडणाऱ्या 'एममॅप'ला फाइलीतली सुरुवात पानाच्या पटीत द्यावी लागते. ४०९६ दिले तर ४ केबीच्या यंत्रावर चालते, १६ केबीच्या यंत्रावर 'चुकीचा आर्ग्युमेंट' अशी चूक येते. आकार नेहमी 'सिसकॉन्फ'ला विचारून घ्यावा. या चुका फक्त चालवूनच सापडतात. एम्युलेटरची १६ केबीची प्रतिमा मिळते, पिक्सेल ८ आणि पुढच्या फोनमध्ये डेव्हलपर पर्यायांत '१६ केबी पानांनी सुरू करा' अशी सोय आहे. सुरू झाल्यावर 'एडीबी शेल गेटकॉन्फ पेज_साइझ' ने १६३८४ हे उत्तर येते का ते आधी पाहा, नाहीतर चाचणी ४ केबीवरच होऊन जायची.

या खटाटोपातून मिळते काय? गूगलच्या मोजमापात मेमरी अपुरी असताना ॲप सुरू व्हायचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनी कमी झाला आणि फोन सुरू व्हायचा वेळ ८ टक्क्यांनी. बदल्यात मेमरी थोडी जास्त लागते.

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ वर चालणारा एक प्रोग्राम पाय ५ वर 'अनसपोर्टेड सिस्टम पेज साइझ' म्हणून थांबतो. दुसऱ्या यंत्रातला स्वॅपही घेत नाही. (मडगाव)

उत्तर : दोन्हींचे मूळ एकच. पाय ५ वर रास्पबेरी पायची स्वतःची प्रणाली मुळातच १६ केबी पानांचा कर्नल चालवते, पाय ४ वर ४ केबीचा. हा संदेश 'जेइमॅलॉक' या मेमरी वाटणाऱ्या लायब्ररीचा आहे. ती बांधताना पानाचा आकार कायमचा ठरतो. '/बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी' मध्ये 'कर्नल=कर्नल८.आयएमजी' ही ओळ घाला आणि यंत्र पुन्हा सुरू करा. 'गेटकॉन्फ पेजसाइझ'ने ४०९६ सांगितले की काम झाले. प्रोग्राम स्वतः बांधत असाल तर 'जेइमॅलॉक'ला '--विथ-एलजी-पेज=१६' द्या; मग तो ६४ केबीपर्यंतच्या कोणत्याही पानावर चालतो.

स्वॅपची ओळखखूण पहिल्या पानाच्या अगदी शेवटच्या दहा बाइटांत असते. पानाचा आकार बदलला की कर्नल ती चुकीच्या जागी शोधतो. 'एमकेस्वॅप' पुन्हा चालवा. स्वॅपमध्ये जपण्यासारखे काही नसतेच.

प्रश्न : ६४ जीबीच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस आहे, 'शेअर्ड_बफर्स' १६ जीबी, जोडण्या ३०० पर्यंत. गर्दीच्या वेळी मेमरी संपते, पण कोणत्याही प्रक्रियेच्या नावावर ती दिसत नाही. (ठाणे)

उत्तर : '/प्रॉक/मेमइन्फो' मधली 'पेजटेबल्स' ही ओळ गर्दीच्या वेळी पाहा. मेमरी तिथे गेलेली असण्याची दाट शक्यता आहे.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणी ही वेगळी प्रक्रिया असते. बफर सगळ्यांचा एकच, पण पेज टेबल प्रत्येकीचे स्वतंत्र. १६ जीबी म्हणजे ४ केबीची ४१,९४,३०४ पाने, प्रत्येकी ८ बाइटची नोंद, म्हणजे ३२ एमबी. जोडणी बराच काळ चालून साऱ्या बफरला शिवून आली की तिचे टेबल एवढे होते. ३०० जोडण्यांचे झाले ९६०० एमबी! २ एमबीच्या मोठ्या पानांवर हाच बफर ८१९२ पानांत बसतो, नोंदी ६४ केबी, आणि ३०० जोडण्यांच्या मिळून १९ एमबीच्या आत.

सर्व्हर थांबवून 'पोस्टग्रेस -डी' ला डेटा फोल्डर द्या आणि 'सी' पर्यायाने 'शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस' विचारा. आवृत्ती १५ पासून ही सोय आहे. आलेला आकडा ८१९२ पेक्षा थोडा जास्त असेल, कारण बफरशिवाय इतरही सामायिक मेमरी लागते. तो 'व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस' मध्ये लिहा आणि सर्व्हर यंत्र पुन्हा सुरू करा. चालू यंत्रावर दिला तर मेमरीत सलग २ एमबीच्या जागा उरलेल्या नसतात आणि कर्नल मुकाट्याने कमी पाने देतो. पोस्टग्रेसमध्ये 'ह्यूज_पेजेस = ऑन' ठेवा. मूळचे 'ट्राय' तसेच राहू दिले तर मोठी पाने न मिळाल्यास तो ४ केबीवर सुरू होतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. 'ऑन' असेल तर तो सुरूच होत नाही. उत्पादनातल्या सर्व्हरवर हेच हवे.

आकडा सढळ हाताने वाढवू नका. राखीव मोठी पाने पेज कॅशला मिळत नाहीत आणि स्वॅपही होत नाहीत. न वापरलेले प्रत्येक पान वाया. 'पारदर्शक मोठी पाने' चालू आहेत म्हणून हे आपोआप होईल असेही समजू नका. सामायिक मेमरीला ती मूळ सेटिंगमध्ये लागू नसतात.

प्रश्न : मोठी मराठी मजकूर-फाइल ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचून पडद्यावर दाखवतो. मधूनमधून अक्षराच्या जागी काळा चौकोन आणि प्रश्नचिन्ह येते. फाइल संपादकात उघडली तर व्यवस्थित दिसते. कर्नलचे पान अक्षर तोडते का? (लातूर)

उत्तर : अक्षर तुमचा बफर तोडतो. कर्नल नुसते बाइट देतो आणि ते सगळे बरोबर असतात.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. ४०९६ ला ३ ने भागले तर १३६५ चिन्हे होतात आणि १ बाइट उरतो. तो पुढच्या चिन्हाचा पहिला बाइट. उरलेले दोन पुढच्या तुकड्यात. दोन्ही तुकडे तुम्ही वेगवेगळे उलगडता, म्हणून दोन्हीकडे प्रश्नचिन्ह. जागा, स्वल्पविराम आणि नव्या ओळीची खूण एकेक बाइटची असल्याने तुटण्याची जागा दर वेळी बदलते. म्हणूनच ते 'मधूनमधून' दिसते. बफर १६३८४ किंवा ६५५३६ केलात तरी सुटका नाही, त्यांनाही ३ ने भागून १ च उरतो.

पायथॉनमध्ये फाइल बायनरी न उघडता एन्कोडिंग 'यूटीएफ-८' देऊन उघडा, किंवा 'कोडेक्स'मधला इन्क्रिमेंटल डिकोडर वापरा. अपुरे बाइट तो पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. सीमध्ये ते स्वतः करावे लागते. तुकड्याच्या शेवटून मागे जा. ज्या बाइटाचे वरचे दोन बिट '१०' आहेत तो चिन्हाच्या मधला. तसा नसलेला पहिला बाइट सापडला की ते चिन्ह पूर्ण आहे का मोजा. नसेल तर तेवढे, जास्तीत जास्त तीन, बाइट नव्या बफरच्या सुरुवातीला हलवा आणि त्यांच्या पुढे वाचा. फाइल 'एममॅप' केली तर ती सलग दिसते आणि हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र तुम्ही वाचत असताना दुसऱ्या कोणी ती फाइल छोटी केली, तर नाहीशा झालेल्या पानाला हात लावताच 'सिगबस' येऊन प्रोग्राम पडतो.

बाइट जुळल्यावरही एक अडचण उरते. तुकडा 'क' वर संपला आणि पुढचा हलन्तापासून सुरू झाला तर चिन्हे दोन्ही पूर्ण असतात, पण 'क्ष' जोडून दिसत नाही. दाखवायचे असेल तेव्हा तुकडा ओळीच्या शेवटी किंवा जागेवर तोडा.